कडेचं शीत

आमच्या घरात सध्या दोन परीक्षक नांदताहेत. एक मी स्वतः. गेली वीस वर्षं मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि प्रत्येक सत्राच्या अखेरीस उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत मान घालून बसतो. दुसरी माझी भाची. ती हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरी करते आणि संगणकाचे प्रोग्रॅम तपासते. आठवड्यातले तीन दिवस ती हे काम घरूनच करते. त्यामुळं आमच्या मागच्या खोलीत एका टेबलावर माझी लाल शाई आणि दुसऱ्यावर तिचा लॅपटॉप, असा संसार मांडलेला असतो.

दोघांचा धंदा म्हटला तर एकच, पण तऱ्हा किती निराळी! मला आदर्श उत्तर छापून मिळतं. त्याच्याशी ताडून पाहिलं की झालं. तिला उत्तर तर नाहीच, पण प्रश्नसुद्धा कुणी देत नाही. तो तिचा तिनंच शोधायचा. एखादी उत्तरपत्रिका निर्दोष निघाली तर मला धन्य धन्य वाटतं. एखादा प्रोग्रॅम दिवसभर निर्दोष राहिला तर ही बाई रात्री जेवताना गप्प असते. मग आमची सौभाग्यवती तिच्या पानात जरा जास्त तूप वाढते आणि म्हणते, "आज काही मोडलं नाही वाटतं?"

आमच्या शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांना हे काम कळता कळत नाही. त्यांनी तिला एकदा स्पष्टच विचारलं, "म्हणजे तू दिवसभर बटणं दाबून बघतेस?"

"हो आजोबा," ती म्हणाली, "दाबायची आणि न दाबायचीसुद्धा."

हेडमास्तर हसले, पण ते उत्तर विनोदापुरतं नव्हतं. तिच्या व्यवसायात या कामाच्या एका प्रकाराला 'एक्स्प्लोरेटरी टेस्टिंग' म्हणतात. मी आपला त्याला शोधक चाचणी म्हणतो. केनर नावाच्या एका अमेरिकन अभ्यासकानं हे नाव १९८० नंतरच्या दशकात रूढ केलं. अर्थ असा, की प्रोग्रॅम समजून घेणं, त्याच्यासाठी नवी परीक्षा रचणं आणि ती घेऊन पाहणं, ही तिन्ही कामं एकाच वेळी एकाच डोक्यात चालायची. पहिल्या परीक्षेत जे दिसलं त्यावरून दुसरी सुचते. दुसरीत जे खटकलं त्यावरून तिसरी. तोंडी परीक्षेत चतुर परीक्षक विद्यार्थ्याच्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढतो ना, तसंच.

या भटकंतीला नाकं मुरडणारेही पुष्कळ आहेत. त्यांना मी पोथीवाले म्हणतो. त्यांचं म्हणणं, कुठलं बटण कधी दाबायचं आणि दाबल्यावर काय व्हायला हवं, हे सगळं आधी लिहून काढा; मग पोथी वाचावी तसं ओळीनं करीत जा. यावर भटके म्हणतात, पोथीत लिहिलेली चूक पोथी लिहिणाराला आधी सुचलेली होतीच. न सुचलेल्या चुकीचं काय? दोन्ही पक्षांत तथ्य आहे, आणि म्हणूनच हे भांडण जुनं आहे. गंमत अशी, की माझी भाची कुठल्या पंथाची, हे बघून कळत नाही. ती हिंडते भटक्यांसारखी आणि तोंडानं पुटपुटते पोथीवाल्यांसारखी. 'गट झाले, कडा झाल्या, आता अवस्था,' असं काहीसं तिचं चाललेलं असतं.

त्या पुटपुटण्याचा अर्थ मला एका रात्री भाताच्या पातेल्याशेजारी कळला. शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण मी सहज बोलून गेलो. ती लगेच म्हणाली, "मामा, आमचं पहिलं तंत्र हेच. तू उगाच समजतोस की आम्ही ते अमेरिकेतून आणलं."

मग तिनं समजावून सांगितलं. समजा, एका अर्जात वय लिहायचं आहे आणि ते १८ ते ६० हवं. आता अठरापासून साठपर्यंतचं प्रत्येक वय घालून बघायला कुणाला सवड आहे? तेव्हा गट पाडायचे. १८ ते ६० हा एक गट, त्याच्या खालचा एक, वरचा एक, आणि आकडाच नाही असा एक, म्हणजे कुणी अक्षरं लिहिली, रकाना कोरा ठेवला किंवा वजा चिन्ह दिलं, तर. प्रत्येक गटातलं एकेक शीत चेपून पाहायचं. ते शिजलेलं असेल तर तो गट शिजला असं धरायचं. इतकं साधं.

"पण पातेल्याच्या मधलं शीत शिजलं म्हणून कडेचं शिजलेलं असतंच असं नाही," ती म्हणाली, "आणि तळाचं करपलेलंही असू शकतं. म्हणून मी मधलं एक घेते आणि कडेची मात्र सगळी घेते." म्हणजे १७, १८, ६० आणि ६१. चुका दबा धरून बसतात त्या हद्दीवर. गावाचं भांडण बांधावरच व्हायचं!

चुका हद्दीवरच का बसतात, याचं उत्तर मात्र मराठीच्या मास्तरानं द्यावं असं आहे. 'अठरा वर्षांवरील व्यक्तींना प्रवेश' या पाटीपुढं आजच अठरा पूर्ण केलेला मुलगा उभा राहिला, तर त्यानं आत जावं की घरी? 'सोमवारपर्यंत सुट्टी' म्हणजे सोमवारी शाळा आहे की नाही? आपण बोलतो तेव्हा ही संदिग्धता चालून जाते, कारण समोरचा माणूस ती हसून पुरी करून घेतो. संगणकाला हसता येत नाही. त्याला 'पेक्षा जास्त' आणि 'इतकं किंवा त्याहून जास्त' या दोहोंतलं एक काहीतरी सांगावंच लागतं. आणि सांगणारा माणूस आपल्यासारखाच 'वर' आणि 'पर्यंत' म्हणणाऱ्या घरात वाढलेला असतो. चूक यंत्रात शिरण्यापूर्वी भाषेत राहून आलेली असते.

ही हद्द ओलांडली गेली की काय होतं, याचं जगप्रसिद्ध उदाहरण ४ जून १९९६ चं आहे. त्या दिवशी दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गियानामधून युरोपचं एरियान-५ हे नवं कोरं रॉकेट पहिल्यांदाच उडालं आणि चाळीस सेकंदांच्या आत आकाशात फुटून गेलं. चौकशीत कारण निघालं ते असं. रॉकेटच्या आडव्या गतीशी संबंधित एक मोठी संख्या संगणक एका लहान कप्प्यात कोंबायला गेला. त्या कप्प्यात मावणारी मोठ्यात मोठी संख्या होती ३२,७६७. संख्या मावली नाही, दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली, आणि तिच्या मदतीला ठेवलेली दुसरी यंत्रणाही त्याच कारणानं बंद पडलेली होती. कारण दोघींत प्रोग्रॅम एकच.

पण यातली खरी शिकवण ३२,७६७ या आकड्यात नाही. हा प्रोग्रॅम आधीच्या एरियान-४ रॉकेटवर चांगला चाललेला होता. एरियान-४ ची गती त्या कप्प्यात कधी ओसंडायची नाही. नवं रॉकेट त्याच घराण्यातलं, म्हणून जुना प्रोग्रॅम उचलून त्यात बसवला. आणि नव्या रॉकेटच्या वाटचालीचे आकडे घालून ती यंत्रणा आधी तपासली गेलीच नाही. थोडक्यात, जुन्या पातेल्यातलं शीत चाखलं आणि नव्या पातेल्यातला भात वाढला. गटातलं शीत नीट तपासलं होतं. गट पाडतानाच घोटाळा झाला होता. हे वाक्य मी मनात जपून ठेवलं आहे. पुढं त्याचं काम पडणार आहे.

तिचं तिसरं तंत्र तक्त्याचं. जिथं अनेक अटी एकमेकींत गुंतलेल्या असतात, तिथं प्रत्येक अटीला हो आणि नाही अशी दोन घरं करून सगळ्या जोड्या मांडायच्या आणि प्रत्येक जोडीपुढं काय घडायला हवं ते लिहायचं. हे ऐकल्यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अगं, हे तर आम्ही प्रयोग शिकवताना फळ्यावर रोज करतो!" रामानं आंबा खाल्ला, पण रामानं चिंच खाल्ली. रामानं रावणाला मारलं, आणि रामानं शूर्पणखेला हाकललं. क्रियापद कुणाच्या तालावर नाचणार, हे तीन गोष्टींवर ठरतं: क्रियापद सकर्मक आहे का, काळ भूतकाळ आहे का, आणि कर्माला 'ला' लागला आहे का. तीन अटी, प्रत्येकीची दोन उत्तरं, म्हणजे ओळी आठ. यातल्या काही ओळी अशक्य आहेत. क्रियापद अकर्मक असेल तर कर्मच नाही; मग त्याला 'ला' लागणार कुठून? मी अशा ओळीवर फुली मारतो आणि पुढं जातो. ती मात्र नेमकी तिथंच थांबते. अशक्य म्हणून लिहिलेली गोष्ट कुणी केलीच तर हा प्रोग्रॅम काय करील, याचा तिला छंद आहे.

आता मौज पाहा. हा आठ ओळींचा तक्ता बिनचूक भरला, तरी 'मी पाणी प्यायलो' या वाक्यानं तो कोलमडतो. पिणं सकर्मक, काळ भूतकाळ. तक्त्याप्रमाणं क्रियापदानं पाण्यामागं जायला हवं. पण ते माझ्यामागं येतं! 'ती धडा शिकली', 'तो निरोप विसरला' हीही त्याच बंडखोर कुळातली. अशी क्रियापदं तक्त्यात डोकं घालून सापडत नाहीत. बाजारात, बसमध्ये, स्वयंपाकघरात माणसं कशी बोलतात ते ऐकत हिंडावं लागतं. मात्र तक्ता मनात नसेल तर 'प्यायलो' कानावरून शंभरदा गेलं तरी त्यात काही वेगळं आहे, हे कळणारही नाही. जो नियम जाणतो त्यालाच अपवाद ऐकू येतो.

माझ्या भाचीचा पंथ कुठला, याचं कोडं मला या क्रियापदांनी सोडवून दिलं. गट, कडा, तक्ता ही तंत्रं ती घरी बसून पोथी लिहिण्यासाठी वापरत नाही. ती भटकंतीत बरोबर नेते. जंगलात जाणारा माणूस होकायंत्र नेतो, ते वाट ठरवून टाकण्यासाठी नव्हे. वाट सोडली तरी आपण कुठं आहोत ते कळावं म्हणून.

ही भटकंती बेशिस्त नसते, हेही सांगितलं पाहिजे. २००० साली जोनाथन आणि जेम्स बाख या दोघा भावांनी तिला एक बैठक घालून दिली. आमच्या मागच्या खोलीच्या दारावर अधूनमधून एक चिठ्ठी लागते: 'नव्वद मिनिटं. चहासाठीसुद्धा नको.' त्या नव्वद मिनिटांची एक सनद असते. म्हणजे कुठल्या मुलखात, काय शोधायला निघालो, एवढं एका वाक्यात लिहिलेलं. आत शिरल्यावर वाट कुठलीही धरावी, पण काय केलं, काय दिसलं, कुठं शंका आली, हे टिपून ठेवायचं; आणि बाहेर आल्यावर वरिष्ठांपुढं त्याचा जबाब द्यायचा. या टिपणांसाठी ती माझ्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू वापरते. एका बाजूला 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या' आणि दुसऱ्या बाजूला तिचे बाण आणि वर्तुळं. ती वर्तुळं म्हणजे अवस्था: अर्ज कोरा, अर्धवट, पाठवलेला, मंजूर, नाकारलेला. एका अवस्थेतून दुसरीत जायला जिथं परवानगी आहे तिथं बाण. चित्र पुरं झालं की ती जिथं बाण नाही तिथूनच चालू लागते. पाठवलेला अर्ज मागं फिरवता येतो का? मंजूर झालेला पुन्हा पाठवता येतो का? आणि एकाच क्षणी दोनदा?

'एकाच क्षणी' या शब्दांपाशी मला थेराक-२५ ची आठवण होते. ती हकिकत तिनंच मला सांगितली. पुढं मी ती मिळेल तिथून वाचून काढली. थेराक-२५ हे कॅनडात बनवलेलं, कर्करोगावर किरणोपचार करणारं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्रानं सहा रुग्णांना ठरल्यापेक्षा कितीतरी पट जास्त किरण दिले. काही जण त्यातच दगावले. यातले दोन प्रसंग टेक्सासमधल्या टायलर गावच्या एकाच रुग्णालयात, १९८६ च्या मार्च आणि एप्रिलमध्ये घडले. यंत्राच्या पडद्यावर 'बिघाड ५४' एवढी अक्षरं उमटली. कंपनीच्या माणसांना तो बिघाड काही केल्या पुन्हा घडवून दाखवता येईना.

तो शोधून काढला रुग्णालयातल्या भौतिकतज्ज्ञानं आणि यंत्र चालवणाऱ्या बाईंनी. दोघं यंत्रापुढं बसले आणि त्या दिवशी कोणती कळ कोणत्या क्रमानं दाबली, हे आठवून आठवून पुन्हा पुन्हा करीत राहिले. अखेर 'बिघाड ५४' पडद्यावर उमटला. मर्म होतं ते वेगात! बाईंनी उपचाराचा प्रकार दाखवणारं एक अक्षर चुकीचं टाइप केलं होतं, ते लक्षात येताच झटक्यानं मागं जाऊन दुरुस्त केलं होतं. हे सारं आठ सेकंदांच्या आत झालं. यंत्रातली चुंबकं जागेवर बसायला साधारण तेवढाच वेळ लागायचा, आणि तेवढ्यात केलेली दुरुस्ती पडद्यावर दिसली तरी यंत्राच्या पोटात पोहोचायची नाही. कंपनीचा माणूस बेतानं, जपून टाइप करी. त्याला काही सापडेना. भरभर करायचं, असं सांगितल्यावर मग त्यालाही ते घडवता आलं. त्या बाईंचा हात सवयीनं चालता झाला होता, एवढाच काय तो त्यांचा दोष.

नंतर १९८७ मध्ये याच यंत्रात दुसरा एक दोष निघाला. एक लहानसा गणक प्रत्येक फेरीला एकानं वाढत जायचा. पण त्याच्या कप्प्यात २५५ पर्यंतच आकडे मावत, म्हणून २५६ व्या वेळी तो पुन्हा शून्य व्हायचा. आणि शून्य म्हणजे 'सगळं ठीक आहे, तपासायची गरज नाही' असा संकेत होता. नेमक्या त्या क्षणी कळ दाबली की संरक्षणाची तपासणीच गळायची. पुन्हा कडेचं शीत! पहिला दोष हिंडून सापडला, तर दुसरा कडा मोजणाराला सापडावा असा होता. एकाच यंत्रात दोन्ही नांदत होते. मग पोथीवाले आणि भटके यांच्या भांडणाचा निकाल यापेक्षा स्पष्ट काय लागणार?

हे वाचून तुम्ही म्हणाल, रॉकेटं आणि किरणयंत्रं कुठं, आणि आपण कुठं! आपला संगणकाशी संबंध विजेचं बिल भरण्यापुरता. पण गेल्या वर्षी माझ्या भाचीकडं जो प्रोग्रॅम तपासायला आला, तो थेट आपल्याच घरातला होता. शिष्यवृत्तीचा अर्ज. विद्यार्थ्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, उत्पन्न. ती माझ्याकडं आली आणि म्हणाली, "मामा, तुझी वीस वर्षांची हजेरीपटं आठव. मला नावं हवीत. साधी नकोत, कडेची हवीत."

एवढं मोठं काम मला आजवर कुणी दिलं नव्हतं. मी कागद घेऊन बसलो. एकच नाव असलेला मुलगा. दोन आडनावं लावणारी मुलगी. आडनावातच रिकामी जागा असलेली घराणी. 'ऱ्या' आणि 'ॲ' असलेली नावं. ती काही संगणकांवर अजून धड उमटत नाहीत. या यादीतल्या 'ज्ञानेश्वर' या नावानं खासा प्रताप केला. तुम्ही आम्ही त्यात चार अक्षरं मोजू: ज्ञा, ने, श्व, र. संगणक त्यात दहा खुणा मोजतो, कारण काना, मात्रा आणि पाय मोडल्याची खूण, सगळं तो सुटं सुटं ठेवतो. त्यातली प्रत्येक खूण त्याच्या साठ्यात तीन घरं अडवते. म्हणजे ज्ञानेश्वर झाले तीस घरांचे. नावाच्या रकान्याला घरं होती बरोबर तीस. इंग्रजी अक्षर एकाच घरात मावतं, तेव्हा बनवणाराला तीस म्हणजे चैन वाटली असावी. ज्ञानेश्वर अगदी कडेला बसले, पण बसले. भाचीनं मग 'ज्ञानेश्वरी' लिहून पाहिलं. शेवटची वेलांटी बाहेर राहिली, आणि त्या मुलीचा अर्ज ज्ञानेश्वर या नावानं जमा झाला. त्या दिवशी भाची जेवताना भरभरून बोलली.

माझ्या यादीत एक नाव मी सर्वांत शेवटी लिहिलं. म्हणजे नाव नव्हेच. फार वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या आईनं तिला एकटीनं वाढवलं होतं, आणि ती आपल्या नावापुढं आईचं नाव लावी. एका अर्जाच्या वेळी पडदा पुढंच सरकेना. वडिलांचं नाव भरल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही असं त्या प्रोग्रॅमनं ठरवलेलं. ती दुपारभर महाविद्यालयाच्या संगणकापुढं बसून होती. संध्याकाळी मला येऊन म्हणाली, "सर, झालं." मी विचारलं, कसं काय? ती म्हणाली, "टिंब दिलं." तेवढ्यावर यंत्राचं समाधान झालं होतं. पुढं तिचं प्रमाणपत्र छापून आलं, त्यावर तिच्या नावानंतर ते टिंब होतं. शाईचा डाग असावा तसं दिसत होतं. तिनं ते घडी घालून पिशवीत ठेवलं आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेली. तिनं तक्रार केली नाही. ज्यांना असं कडेला बसावं लागतं, ती माणसं सहसा तक्रार करीत नाहीत. टिंब देऊन पुढं जातात. म्हणून तर बनवणाराच्या कानावर ही चूक कधी जातच नाही.

भाचीनं ही गोष्ट ऐकून घेतली आणि काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दारावर चिठ्ठी लागली. सनद एका ओळीची होती: 'वडील नसलेल्या मुलीचा अर्ज.' तिला दिसलं ते असं, की हाही प्रोग्रॅम वडिलांच्या नावावर अडून बसतो, आणि हाही टिंबावर खूश होतो.

तिनं दोष नोंदवला. बैठकीत तिला विचारण्यात आलं, की असा अर्ज करणारी माणसं असतात किती? प्रोग्रॅम चार दिवसांनी बाहेर पडायचा होता, आणि विचारणाराला खरोखरच घाई होती; तो काही दुष्ट माणूस नव्हता. तिनं सांगितलं, "किती ते नंतर मोजू. एक माझ्या मामाच्या वर्गात होती." मग तिनं फळ्यावर आपला तक्ता काढला: वडिलांचं नाव आहे, नाही, आईचं नाव आहे, नाही. चार ओळी. त्यातल्या दोन ओळींना प्रोग्रॅमपाशी उत्तरच नव्हतं. तिनं महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाकडंही बोट दाखवलं. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम त्या निर्णयानं ठरवला आहे. ती मुलं अजून शिष्यवृत्तीच्या वयाला यायची आहेत. पण येणार हे नक्की. चर्चा बरीच लांबली. अखेर वडिलांच्या नावाची सक्ती काढली गेली, आईच्या नावाचा रकाना आला, आणि प्रोग्रॅम आठवडाभर उशिरा निघाला. छापील प्रमाणपत्राचा मजकूर मात्र दुसऱ्या खात्याकडं होता; तो अजून तसाच आहे. भाची त्याचा पाठपुरावा करते आहे.

ही हकिकत ऐकल्यापासून मी जपून ठेवलेलं ते वाक्य मला वेगळंच दिसू लागलं आहे. गट पाडतानाच घोटाळा होतो. 'सगळे विद्यार्थी' असा एक गट कुणीतरी खुर्चीत बसून पाडलेला असतो. त्यातलं कुठलंही शीत चेपा, भात शिजलेलाच दिसणार. कारण शीत उचलणारा आपल्या बाजूचंच उचलतो. तंत्र तुम्हाला सांगतं, की गटाची कड तपासा. पण ही कड इथंच आहे, हा गट खरोखर एकच आहे, हे तंत्र सांगू शकत नाही. त्यासाठी आपली जागा सोडून हिंडावं लागतं, भरभर टाइप करणाऱ्या बाईंच्या शेजारी जाऊन बसावं लागतं, टिंब देणाऱ्या मुलीची दुपार ठाऊक असावी लागते. आणि नुसतं हिंडूनही भागत नाही. टिंबाची गोष्ट माझ्यापाशी इतकी वर्षं पडून होती. ऐकणारे ती ऐकून हळहळत आणि विसरत. तिला चार ओळींचा तक्ता भेटला, तेव्हाच तिच्यानं एक रकाना बदलला.

हे सगळं मी परवा सौभाग्यवतीला मोठ्या उत्साहानं ऐकवलं. ती अनारशांचं पीठ मळत होती. तीन दिवस भिजवलेल्या तांदळाची पिठी, गूळ, सगळं जमून आलेलं. तिनं कढईत आधी एकच अनारसा सोडला. तो हसला नाही, जाळीदार फुलला. मी म्हटलं, "झालं! शितावरून भात."

"ते पहिल्या घाण्याचं," ती म्हणाली. "शेगडीच्या उबेनं गोळा सैल पडत जातो, आणि मग निम्म्यावर आले की एकाएकी सगळे तुपात हसायला लागतात. म्हणून मी मध्ये पुन्हा एक सोडून बघते, आणि शेवटी गोळा संपत आला की आणखी एक."

भाचीनं दारातूनच विचारलं, "मामी, हसला तर काय करतेस?"

"काय करायचं? जरा पिठी घालायची आणि पुढचा सोडायचा. हसलेले तुझ्या मामाला द्यायचे."